पांढरी मुसळी : मुळांची शारीर रचना व रसायन

पांढरी मुसळी (क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम) ही शतावरी कुलातील लहान ओषधी (लाकडी खोड नसलेली वनस्पती) आहे. सातपुडा, डांग व पालघरच्या डोंगराळ भागांत भिल्ल, कोकणा, वारली समाजांत तिची मुळे अशक्तपणावर देतात. पहिल्या पावसात फुटणारी फोडशी किंवा कुलूची भाजी म्हणजे हिची आणि हिच्या जवळच्या जातींची कोवळी पाने. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव व आर. आर. फर्नांडिस यांनी 1950 च्या दशकात बोरिवलीच्या नावाने या जातीचे वर्णन केले. काळी मुसळी ही वेगळ्या कुलातील वनस्पती होय.

बाजारात मुसळी येते ती साल काढून, वाळवून; पुष्कळदा पूड करूनच. पाने-फुले हाती नसतात, त्यामुळे ओळख पटवायला सूक्ष्मदर्शकाची मदत घ्यावी लागते. न सोललेल्या मुळाच्या आडव्या छेदात बाहेर मृत पेशींचे थर, त्याखाली रुंद मध्यत्वचा, मग तिचा सर्वांत आतला थर म्हणजे अंतस्त्वचा, पाणी व अन्न वाहणाऱ्या वाहक ऊतकांचे कडे आणि मधोमध भेंड (मऊ गाभा) दिसते. मध्यत्वचेतील काही पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या असतात. मात्र नुसत्या या सुयांवर विसंबणे धोक्याचे, कारण त्या शतावरीतही सापडतात. शतावरीच्या मुळात जाड भित्तीच्या अश्मपेशीही (दगडासारख्या कठीण पेशी) असतात. फ्लोरोग्लुसिनॉल (काष्ठद्रव्य ओळखण्याचे रसायन) व हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच त्या लालसर होतात. मुसळी म्हणून विकलेल्या पुडीत अशा पेशी भरपूर दिसल्या, तर भेसळीचा संशय घ्यायलाच हवा.

रासायनिक दृष्ट्या महत्त्वाची ती स्टेरॉइडी सॅपोनिने, म्हणजे पाण्यात साबणासारखा फेस आणणारी संयुगे. बोरिव्हिलियानोसाइड नावाची संयुगे मुळांतून वेगळी केलेली आहेत. पूड पाण्यात घालून नळी जोराने हलवली की टिकणारा फेस येतो. शतावरीतही सॅपोनिने असल्याने फेस हा केवळ प्राथमिक पुरावा. खात्रीसाठी अर्काचे पातळ थरावर वर्णलेखन करून (म्हणजे त्यातील घटक पट्ट्यांत वेगळे करून), ओळख पटलेल्या नमुन्याशेजारी पट्टे ताडून पाहतात. मुळांत फ्रुक्टन (फळशर्करेच्या साखळ्यांनी बनलेल्या) शर्कराही साठलेल्या असतात.

पाने वाळून गेल्यावर मुळे खणतात. सगळा गड्डा उपटला, तर तिथले रोप कायमचे जाते. वरचा डोळ्यांचा भाग मातीत राहिला, तर पुढच्या पावसात फुटतो. बेसुमार खणणीने रानातली मुसळी विरळ झाली आणि लागवड वाढली. शक्तिवर्धक गुणांबद्दलचे बहुतेक प्रयोग उंदरांवर झालेले आहेत. माणसांवरील पुरावा अजून तोकडा आहे.