बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा

इन्सुलिन घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या औषध दुकानाकडून

गेल्या पावसाळ्यात कागलकडच्या एका गावातून एक मामा दुकानात आले. मामींची साखर उतरतच नव्हती, डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला होता. सिरिंज दाखवा म्हटलं, तर केशरी टोपीची, म्हणजे १०० युनिटवाली निघाली आणि पिशवीतली बाटली होती ४० युनिटची. मामा रोज न चुकता २० च्या रेघेपर्यंत औषध भरत होते आणि मामींच्या अंगात जात होतं फक्त ८ युनिट. हे पत्रक आम्ही छापलं ते त्या दिवसामुळे.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलीला ४० युनिट असं येतं. त्याची सिरिंज लाल टोपीची असते आणि तिच्यावर ४० छापलेलं असतं. काही बाटल्या १०० युनिटच्या असतात, त्यांना केशरी टोपीची, १०० ची सिरिंज लागते. ४० ची बाटली १०० च्या सिरिंजने भरली तर डोस निम्म्याहूनही कमी जातो. उलट झालं तर ते जिवावर बेतू शकतं. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात ५० युनिट जातात. टोचायच्या पेनमधलं इन्सुलिनही १०० चं किंवा त्याहून तीव्र असतं, म्हणून पेन बिघडलं तरी त्याच्या काडतुसातून सिरिंजने औषध ओढू नका. नवीन बाटली घेताना, गाव बदलल्यावर, दवाखान्यातून घरी आल्यावर, दरवेळी दोन्ही आकडे शेजारी धरून बघा. चष्मा नसेल तर नातवाला वाचायला सांगा. आमच्याकडे कितीही गर्दी असली तरी "एकदा बघून द्या" म्हणायला संकोच करू नका.

ठेवायचं कुठं

न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, २ ते ८ अंश तापमानात राहायला हवी. बर्फाच्या कप्प्यात नको आणि त्या कप्प्याला चिकटूनही नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसतं पहिल्यासारखंच, पण कामाचं राहत नाही. उघडलेली बाटली किंवा चालू पेन सावलीत, ३० अंशांच्या आत, साधारण चार आठवडे चालतं. नेमके दिवस डब्यातल्या कागदावर असतात. उघडल्याची तारीख बॉलपेनने बाटलीवर लिहा, लक्षात ठेवण्यावर विसंबू नका. फ्रीज नसेल तर मातीचा मोठा माठ घ्या, त्यात ओली वाळू भरा आणि मधल्या लहान मडक्यात पिशवीत गुंडाळलेली बाटली ठेवा. एप्रिल-मेमध्ये एसटीच्या खिडकीत किंवा मोटरसायकलच्या डिकीत बाटली कधीच ठेवू नका.

२०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात कित्येक घरांत दिवसेंदिवस वीज नव्हती. तेव्हा लोकांना एकच भीती होती, फ्रीज बंद पडला म्हणजे औषध गेलं. तसं नाही. खोली थंड असेल तर बाटली लगेच वाया जात नाही. फक्त तिला त्या दिवसापासून उघडलेल्या बाटलीचा नियम लावा, एक्स्पायरीची तारीख धरू नका. पंचगंगेची पातळी वाढू लागली की पंधरा दिवसांचं औषध, सिरिंज आणि ग्लुकोमीटर एका पिशवीत तयार ठेवा.

टोचताना

दुधाळ दिसणारं इन्सुलिन तळहातांमध्ये हलकेच दहा वेळा घोळवा, खळाखळा हलवू नका. जे पाण्यासारखं स्वच्छ असायला हवं ते गढूळ दिसलं, किंवा दुधाळमध्ये गुठळ्या राहिल्या, तर वापरू नका. पोटावर बेंबीपासून दोन इंच सोडून टोचा, मांडीची बाहेरची बाजूही चालते. जागा रोज बदला. त्याच जागी टोचत राहिलं की तिथं चरबीची गाठ येते. गाठीत टोचलेलं दुखत नाही म्हणून लोकांना ती जागा बरी वाटते, पण तिथून औषध नीट शोषलं जात नाही. पेन असेल तर आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब येतो का बघा. टोचल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई काढा.

नवरा-बायको दोघांना इन्सुलिन असेल तर पेन दोन घ्या. सुई बदलली तरी एक पेन दोघांत नको, रक्ताचा अंश आत जातो.

जत्रा, म्हाई आणि उशिरा येणारं ताट

पाहुण्यांकडे म्हाईच्या मटणाच्या जेवणाला गेलं की "जेवण झालंच" असं ऐकून लोक सुई टोचतात आणि मटण शिजायला दोन तास लागतात. मग हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडतं, माणूस उगीच चिडतो किंवा बडबडतो. साखर ७० च्या खाली गेल्याची ही लक्षणं आहेत. स्वयंपाक झालाय, पानं मांडायला घेतलीत, हे डोळ्यांनी बघूनच इन्सुलिन घ्या. नवरात्राचे उपवास धरायचे असतील तर आधी डॉक्टरांना भेटून डोस ठरवून घ्या. तापात, उलट्या होत असताना इन्सुलिन मनाने बंद करू नका, फोन करून विचारा.

साखर ७० च्या खाली उतरली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा कप पाण्यात विरघळवून लगेच प्या. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी तपासा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच घ्या. बरं वाटलं की भाकरी-भाजी किंवा जे असेल ते खा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वास कोंडतो. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. हा परिच्छेद घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवा, कारण त्या वेळी पेशंटला स्वतःला सुचत नाही.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका. बाटली भरली की टोपण चिकटपट्टीने बंद करा, वर "सुया" लिहा आणि घंटागाडीवाल्यांच्या हातात वेगळी द्या. कचऱ्यात सुटी पडलेली सुई त्यांच्याच हातात घुसते.

पुढची बाटली घ्यायला याल तेव्हा रिकामी बाटली, चालू सिरिंज आणि डॉक्टरांची चिठ्ठी, तिन्ही घेऊन या. आपण मिळून आकडे बघू.