शत्रूचं गाढव आणि गुबियोचा लांडगा

"क्षमा केलीस ना? मग आता नांदायला जा." नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या, आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका बहिणीला हे सांगितलं गेलं, तेव्हा मी तिथेच होतो. प्रार्थना नुकतीच संपली होती, सतरंजीही गुंडाळलेली नव्हती. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. वैऱ्यावर प्रीती करणं आणि वैऱ्याशी समेट होणं हे त्यांनी एकच धरलं होतं. ते एक नाही. मला तो फरक दोन जनावरांनी शिकवला.

पहिलं जनावर गाढव. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकात (23:4-5) नियम आहे: शत्रूचा बैल किंवा गाढव भरकटलेलं दिसलं, तर ते त्याचं त्याला नेऊन दे. तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली दबलेलं दिसलं, तर पाठ फिरवू नकोस, त्याच्याबरोबर हात लाव. बांधावरून भांडण असलेल्या माणसाला यातली अवघड जागा लगेच कळेल. त्याचं जनावर आपल्या ज्वारीत शिरलं की कोंडवाडा आहेच. सूडही उगवतो आणि कोणी नाव ठेवत नाही. वचन मात्र सांगतं की दावं धर आणि त्याच्या दारापर्यंत चाल.

या नियमात त्याने आधी माफी मागावी अशी अट नाही. पण ओझं उतरवल्यावर दोघांनी एका ताटात जेवावं, असंही कुठे म्हटलेलं नाही. यहुदी शास्त्र्यांनी यावर फार बारीक विचार केला. एरवी ओझं उतरवणं आधी, कारण जनावराचे हाल होतात. पण मित्राचं ओझं उतरवायचं असेल आणि शत्रूचं चढवायचं असेल, तर आधी शत्रूकडे जा, म्हणजे तुझं स्वतःचं मन वाकेल. आणि मालक बाजूला बसून "देवाची आज्ञा तुला आहे, तूच उतरव" म्हणू लागला, तर तू मोकळा. कारण नियमात "त्याच्याबरोबर" असा शब्द आहे. प्रीती म्हणजे वेठबिगारी नव्हे, हे त्यांनी किती आधी ओळखलं होतं!

दुसरं जनावर लांडगा. इटलीतल्या गुबियो गावाची ही आख्यायिका, 1226 साली वारलेल्या संत फ्रान्सिसची. लांडग्याने माणसं मारली होती. फ्रान्सिस त्याला सामोरा गेला, "भाऊ लांडगा" म्हणाला, इथवर आपण सगळे सांगतो. पुढचं गाळतो. त्याने लांडग्याचे गुन्हे त्याच्या तोंडावर मोजून दाखवले, तू फाशीच्या लायकीचा आहेस असं सांगितलं. मग करार झाला. लांडग्याने कोणाला इजा करायची नाही, गावाने त्याला रोज खाऊ घालायचं. लांडग्याने पंजा फ्रान्सिसच्या हातात ठेवला, आणि नंतर भर चौकात सगळ्यांसमोर पुन्हा ठेवला. त्यानंतरच तो दोन वर्षं घरोघर फिरला.

हा समेट. याला दोन बाजू लागतात, शब्द लागतो, साक्षीदार लागतात. गाढवाचं ओझं एकटा माणूस स्वतःहून उचलायला जाऊ शकतो. पंजा मात्र लांडग्यालाच पुढे करावा लागतो. पंजा पुढे आलेला नसताना लेकराबाळांना त्याच्यापुढे उभं करणं फ्रान्सिसने केलं नाही. येशूनेही शिष्यांना लांडग्यांमध्ये पाठवताना कबुतरासारखं निरुपद्रवी राहायला सांगितलं, तसंच सापासारखं चतुर राहायलाही सांगितलं.

कृपा यात कुठे बसते? पहिल्या पावलात. आपण शत्रू असतानाच देवाने पाऊल टाकलं, हे प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 5व्या अध्यायात आहे. तरीही पौल करिंथच्या मंडळीला देवाशी समेट करा म्हणून विनवतो. देवाने त्याच्याकडून सगळं केल्यावरही दुसऱ्या बाजूचा होकार तो आपल्यावर लादत नाही. मग माणसामाणसांतला समेट आपण एका सभेत कसा काय उरकतो? सर्वांशी शांतीने राहा म्हणतानाही पौल "शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं" असं जोडतो. हे शब्द मला फार आधाराचे वाटतात.

ती बहीण नांदायला गेली नाही. नवऱ्याचं नाव मात्र तिच्या प्रार्थनेतून कधी गळलं नाही. मध्यंतरी तो तापाने पडला, तेव्हा तिने भाकरी आणि मऊ भात भरून डबा भावाच्या हाती पाठवला. डबा धुऊन परत आला. निरोप काही आला नाही.