कॅटलॉग परवडत नव्हता तेव्हा: तिकीटसंग्राहक आणि सुरुवातीचं इंटरनेट

टपाल तिकीट हातात आलं की संग्राहकाला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: ते कुणाचं, कधीचं आणि खरं आहे का. आज मोबाइलवर फोटो काढला की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा मिळून जातात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोल्हापुरात अल्बम भरणाऱ्यांना मात्र हीच उत्तरं मिळवताना नाकीनऊ येत. तिकिटांची चणचण नव्हती. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना परदेशातून पाकिटं यायची, आखातात नोकरीला गेलेल्यांची पत्रं घरोघरी यायची, आणि स्टेशनरीच्या दुकानात शंभर तिकिटांचं रंगीबेरंगी पाकीट पोराच्या खाऊच्या पैशात बसायचं. नव्हती ती माहिती.

ही माहिती असायची कॅटलॉगात. लंडनच्या स्टॅनली गिबन्सने पहिली किंमतसूची १८६५ साली काढली, अमेरिकेच्या स्कॉटची १८६८ पासून निघते. जर्मनांचा मिशेल आणि फ्रेंचांचा इव्हेर आहेच. या ग्रंथांत प्रत्येक तिकिटाला क्रमांक असतो. छपाईची तारीख, कागद, काठावरच्या दात्यांची संख्या, रंगाच्या छटा असं सगळं बारकाईनं दिलेलं असतं. जगभरच्या तिकिटांचे खंड विकत घ्यायचे तर नोकरदाराचा पगार त्यातच जायचा, आणि दरवर्षी नवी आवृत्ती. करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५० पासूनची वाचनालयाची परंपरा असलेल्या शहरातही तिकिटवाल्यांची भिस्त एखाद्या ज्येष्ठाकडच्या पंधरा-वीस वर्षं जुन्या गिबन्सवर असे. रविवारी सकाळी त्यांच्याकडे जायचं, हात धुऊन बसायचं, चिमट्यानं तिकीट पुढे करायचं आणि ते पान उघडेपर्यंत थांबायचं. ज्यांनी हे दार उघडं ठेवलं त्यांचे उपकार आमच्या पिढीवर आहेत.

कॅटलॉग नसला की काय होई, याचं इथलंच एक उदाहरण. जुन्या दस्तांवर कोल्हापूर संस्थानाची तिकिटं सापडतात आणि नवा संग्राहक ती संस्थानी टपालाची समजून हरखून जातो. ती असतात कोर्ट फीची किंवा महसुली. ज्या संस्थानांनी स्वतःची टपाल तिकिटं काढली त्यांच्या यादीत कोल्हापूर नाही. आजच्या महाराष्ट्रातल्या भोर संस्थानाचं नाव मात्र त्यात आहे: पंतसचिवांच्या भोरनं १८७९ मध्ये अर्धा आणा आणि एक आण्याची तिकिटं काढली, पुढे १९०१ मध्ये पंतसचिवांचं चित्र असलेलं एक. म्हणजे एवढं मोठं करवीर यादीत नाही आणि छोटं भोर आहे. अंदाजानं हे कळण्यासारखं नाही, त्यासाठी यादीच समोर लागते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. सुरुवात महानगरांतून झाली, त्यात कोल्हापूर नव्हतं. जिल्ह्यात संगणकाच्या जाळ्याची पहिली मोठी चर्चा झाली ती १९९८ मध्ये, वारणानगर परिसरातली सत्तर गावं जोडण्याच्या प्रकल्पामुळे. तो मामला ऊस आणि सहकाराचा. त्याच वर्षाच्या अखेरीस खासगी कंपन्यांनाही इंटरनेट सेवा द्यायची मुभा मिळाली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत राजारामपुरी, शाहूपुरीत सायबर कॅफेचे फलक दिसू लागले. तोवर बाहेरच्या जगात तिकिटवाल्यांनी जाळ्यावर बरंच काही उभं करून ठेवलं होतं.

सर्वांत आधी होता नुसता मजकूर. यूजनेट या मजकुरी चर्चागटांच्या जाळ्यावर तिकिटांसाठी स्वतंत्र गट होता आणि तिथे चित्र न दाखवता, केवळ वर्णनावर तिकिटं ओळखली जायची. रंग कुठला, कोपऱ्यात आकडा किती, राणीचं तोंड कुठल्या बाजूला, दाते किती, एवढ्यावर कुणीतरी दुसऱ्या खंडातून कॅटलॉग उघडून उत्तर द्यायचं. तिकीट शब्दांत नेमकं पकडण्याची ही शिस्त मला फार मोलाची वाटते. फोटो पाठवून ‘हे काय आहे?’ एवढंच विचारणाऱ्याला ती लागत नाही.

मग आली ओळख-याद्यांची पानं, आणि माझ्या मते सुरुवातीच्या इंटरनेटनं तिकीटसंग्राहकाला दिलेली सर्वांत उपयोगाची गोष्ट तीच. तिकिटावर देशाचं नाव त्या देशाच्या भाषेत असतं. हेल्वेटिया म्हणजे स्वित्झर्लंड, सुओमी म्हणजे फिनलंड, मग्यार म्हणजे हंगेरी, ह्रवात्स्का म्हणजे क्रोएशिया हे कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? रशियन तिकिटावरची अक्षरं रोमन समजून ‘नोयटा सीसीसीपी’ वाचणारी मुलं प्रत्येक शाळेत होती. ती अक्षरं ‘पोच्ता एसएसएसआर’ आहेत, म्हणजे सोव्हिएत संघाचं टपाल. ब्रिटनच्या तिकिटावर तर नावच नसतं, फक्त राजाराणीचं मस्तक. पहिलं तिकीट १८४० मध्ये त्यांनी काढलं, तेव्हापासून ती प्रथा चालत आली. ओळख-यादीत असे सगळे शब्द अकारविल्हे लावलेले असायचे, समोर देश आणि काळ. ग्रीक, सिरिलिक, अरबी लिपीतल्या नावांची छोटी चित्रं असायची. कुणा निवृत्त शिक्षकानं, कुणा इंजिनिअरनं संध्याकाळी बसून, एक पैसा न घेता बनवलेली ही पानं. छापून घेतली की पाच-सहा कागद. कॅफेतून घरी आणून ते अल्बमच्या पाठीमागे ठेवले की वर्षानुवर्षं ‘परदेशी’ म्हणून एका पाकिटात कोंबलेली तिकिटं भराभर आपापल्या पानावर जाऊन बसायची.

ही पानं सापडत कशी? १९९५ च्या डिसेंबरात अल्टाव्हिस्टा हे शोधयंत्र आलं, गुगल १९९८ मध्ये. पण तिकिटवाल्यांचा खरा आधार होता माणसांनी हातानं लावलेल्या दुव्यांच्या याद्या. याहूची विषयवार सूची होतीच. त्याहून भरवशाच्या होत्या एकेका संग्राहकानं स्वतः ठेवलेल्या याद्या: संस्था इकडे, विक्रेते तिकडे, देशवार अभ्यास आणखी कुठे. निवड करणारा स्वतः तिकिटातला जाणकार असल्यामुळे रद्दी आपोआप बाजूला पडायची.

चित्रांचं प्रकरण सावकाशीचं होतं. २८.८ किलोबिटच्या मोडेमवर सेकंदाला उत्तम परिस्थितीत साडेतीन किलोबाइट उतरायचे, म्हणजे चाळीस किलोबाइटच्या एका तिकिटाला अकरा-बारा सेकंद, आणि कॅफेत एकाच लाइनवर चारपाच संगणक असले की त्याच्या कितीतरी पट. म्हणून चांगली पानं चित्र कमी आणि मजकूर जास्त ठेवायची.

तरी काही गोष्टी पडद्यावर दिसतच नाहीत, आणि इथे त्या पानांचा दुसरा मोठा उपयोग झाला: घरच्या घरी तपासायचं कसं हे त्यांनी शिकवलं. पंचम जॉर्जची तिकिटं घ्या. आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या संग्रहात ती मूठभर असतातच. आधीची लंडनमध्ये छापलेली. १९२६ पासून छपाई नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये सुरू झाली. समोरून एकाच किमतीची दोन तिकिटं जुळ्या भावांसारखी दिसतात. फरक कागदाच्या आत, जलचिन्हात. लंडनच्या कागदात प्रत्येक तिकिटामागे एक तारा, नाशिकच्या कागदात दाटीनं पसरलेले अनेक तारे. ते पाहायला तिकीट काळ्या बशीत पालथं ठेवायचं आणि वर लायटरच्या पेट्रोलचे दोन-चार थेंब सोडायचे. कागद ओला होताच तारा गडद उमटतो, आणि पेट्रोल उडून गेलं की नाहीसा होतो. पाण्यानं जातो तसा डिंक निघून जात नाही. खिडकी उघडी, जवळपास उदबत्तीसुद्धा नको, आणि काही आधुनिक छपाईच्या शाया पेट्रोलनं विरघळतात म्हणून नव्या तिकिटांवर हा प्रयोग करायचा नाही. हे सगळं त्या पानांवर धोक्यांसकट लिहिलेलं असायचं.

दात्यांचंही तसंच. दोन सेंटिमीटरमध्ये किती दाते बसतात, त्यावर तिकिटाचा प्रकार ठरतो. मोजपट्टी विकत मिळायची पुण्या-मुंबईत. इंटरनेटवरून ती छापून घेता येऊ लागली, पण प्रिंटर पान ‘बसवून’ छापतो आणि दोन सेंटिमीटरचे एकोणीस मिलिमीटर होतात. छापलेल्या पट्टीवर आधी शाळेची फूटपट्टी लावून बघा, ही सूचना ज्या पानावर असे ते पान करणारा माणूस स्वतः तिकिटं मोजणारा आहे हे ओळखावं.

खऱ्या-खोट्याच्या बाबतीत तर या पानांनी अनेकांचे पैसे वाचवले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेली गांधीजींची चार तिकिटं स्वित्झर्लंडच्या कूर्वाझिएनं छापली होती. त्यातल्या दहा रुपयांच्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ (म्हणजे सरकारी वापरासाठी) असा ठसा मारलेल्या शंभरच प्रती होत्या असं मानलं जातं. साहजिकच त्याच्या नकलांना ऊत. अस्सल तिकिटाचे दाते साडेअकरा, छपाई बारीक जाळीची. नकलेत दाते चुकतात, नाहीतर जाळीचे ठिपके भरड दिसतात. आणि खऱ्या दहा रुपयांवर नंतर ठसा उमटवलेला असेल तर निव्वळ दात्यांवरून काही कळत नाही, तज्ज्ञांचं प्रमाणपत्रच लागतं. ऑनलाइन लिलावाचं ऑक्शनवेब १९९५ मध्ये सुरू झालं, १९९७ मध्ये ते ईबे झालं. आपल्याकडे २००० साली तसंच बाझी आलं आणि २००४ मध्ये ईबेनं ते घेतलं. या बाजारात गांधीजींचं ‘सर्व्हिस’ हजार-पाचशेत दिसलं की समजून जावं.

स्टेशनरीच्या दुकानातल्या त्या रंगीत पाकिटांचं कोडंही असंच सुटलं. अजमान, फुजैरा, उम्म अल कैवेन, मनामा या नावांची मोठमोठी, चकचकीत तिकिटं त्यात भरभरून असायची, कोपऱ्यात नेटका गोल शिक्का आणि पाठीवर डिंक जसाच्या तसा. १९६४ नंतर आखातातल्या छोट्या अमिरातींनी परदेशी दलालांशी करार केले, दलालांनी संग्राहकांसाठी तिकिटं छापली आणि शिक्के मारूनच विकली. पत्रावर ती क्वचितच लागली. पुष्कळ कॅटलॉगांनी त्यांना पूर्ण जागा दिली नाही, म्हणून जुन्या गिबन्समध्ये ती सापडत नसत आणि मुलं हिरमुसायची. पुढे तर ज्या देशांनी तिकिटं काढलीच नाहीत त्यांच्या नावानं बनावट छपाई सुरू झाली. त्यावर उपाय म्हणून जागतिक टपाल संघानं १ जानेवारी २००२ पासून डब्ल्यूएनएस ही क्रमांकपद्धती आणली: सदस्य टपाल खात्यांनी स्वतः कळवलेली तिकिटं, चित्रासह, सर्वांना मोफत पाहायला. क्रमांकात देशाची दोन अक्षरं, अनुक्रम आणि वर्षाचे दोन आकडे. स्कॉटसारख्या कंपन्या आपल्या क्रमांकांवर हक्क सांगत असल्यानं मोफत पानांना ते वापरताना जपावं लागे; इथे तो प्रश्न नव्हता. मात्र २००२ च्या आधीचं इथे काही मिळत नाही.

भारतीय तिकिटांसाठी टपाल खात्याच्या संकेतस्थळावर वर्षवार याद्या आल्या. शाहू महाराजांचं १९७९ चं, वि. स. खांडेकरांचं १९९८ चं, व्ही. शांताराम यांचं २००१ चं, अशी कोल्हापूरशी नातं सांगणारी तिकिटं एका ठिकाणी शोधता येऊ लागली. नवं तिकीट कधी निघणार हे आधी कळू लागलं, नाहीतर रमणमळ्याच्या मुख्य टपाल कार्यालयात विचारायला जाईपर्यंत ते संपलेलं असायचं.

अदलाबदलीत मात्र इंटरनेटनं फक्त ओळख करून दिली. आंतरराष्ट्रीय कार्ड बहुतेकांकडे नव्हतं, त्यामुळे पैसे पाठवणं दुरापास्त. कॅटलॉग किमतीला कॅटलॉग किंमत असा हिशेब ठरवायचा, ई-मेलवर यादी पाठवायची आणि तिकिटं रजिस्टर्ड पोस्टानं. त्या पाकिटावर मुद्दाम चांगली तिकिटं लावलेली असायची, आणि समोरचाही तसंच करायचा.

यातलं बरंच आता मूळ पत्त्यावर नाही. व्यक्तींनी बांधलेली पुष्कळ पानं जिओसिटीज या मोफत पानं ठेवू देणाऱ्या सेवेवर होती. याहूनं ती सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली आणि विषयवार सूची २०१४ च्या अखेरीस. पान करणारे वृद्ध झाले, काही गेले, आणि वर्षाचं भाडं भरायला कुणी उरलं नाही. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, २००१ पासून खुल्या असलेल्या त्या साठ्यात, जुना पत्ता टाकला तर मजकूर पुष्कळदा मिळतो, चित्रं मात्र निम्म्या वेळा गळालेली असतात. ओळख-याद्या मुळातच मजकुराच्या होत्या म्हणून त्या सर्वांत चांगल्या उरल्या आहेत. पत्ता माहीत नसेल तर त्या काळातली एखादी दुव्यांची यादी आधी वेबॅकवर उघडायची आणि तिच्यातून पुढे जायचं. मिळालेलं पान लगेच उतरवून घ्यावं, आणि मराठीत तशी यादी करायला बसणाऱ्यानं सुरुवात भोरपासून करावी, कारण त्यावर आपल्या भाषेत वाचायला फार थोडं आहे.