सोसायटीचं काम एजन्सीकडे दिलंय? कोणती कागदपत्रं मागायची आणि तक्रार कुठे करायची

बऱ्याच मोठ्या गृहसंकुलांत आता वॉचमन, झाडलोट, लिफ्ट, पंप, जनरेटर असं सगळं एकाच फॅसिलिटी मॅनेजमेंट कंपनीकडे असतं. महाराष्ट्रात या कंपन्यांसाठी एकच सरकारी परवाना नाही. महारेरा, म्हणजे राज्याचं स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, नोंदणी करतं ती बिल्डरच्या प्रकल्पांची आणि खरेदी-विक्री करून देणाऱ्या एजंटांची. त्यामुळे "आमची कंपनी रजिस्टर्ड आहे" या उत्तरावर थांबू नका. कायदा कामागणिक वेगळा आहे, तेव्हा कागदही कामागणिक मागायला हवेत.

सगळ्यात आधी सुरक्षारक्षकांचे कागद बघा, कारण घराच्या दारापर्यंत येणारी माणसं तीच. खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा, २००५ नुसार, ज्याला 'पसारा' म्हणतात, एजन्सीकडे परवाना हवाच. तो ५ वर्षांसाठी मिळतो आणि ठरावीक जिल्ह्यांपुरता किंवा संपूर्ण राज्यासाठी असतो. प्रत पाहताना मुदतीबरोबर आपला जिल्हा त्यात आहे का, हेही तपासा. रक्षकाचं वय १८ ते ६५ हवं, चारित्र्य पडताळणी आणि प्रशिक्षण झालेलं हवं आणि त्याच्याजवळ फोटो ओळखपत्र हवं. कंपनीने रक्षकांचं काम दुसऱ्या एजन्सीला पोटकंत्राटाने दिलं असेल, तर परवाना त्या दुसऱ्या एजन्सीचा मागा. नेमकी इथेच दिशाभूल होते.

दुसरा कागद म्हणजे अग्निसुरक्षेचा फॉर्म बी. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं हे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाला द्यावं लागतं. त्यावर सही लागते ती परवानाधारक अग्निशमन एजन्सीची. मॅनेजमेंट कंपनीचा साधा 'चेकिंग रिपोर्ट' त्याऐवजी चालत नाही. आणि कंत्राट कोणालाही दिलेलं असो, कायद्याने जबाबदारी मालक आणि ताबेदारांची, म्हणजे शेवटी आपलीच आहे. कमिटीने हे सभेत स्पष्ट सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

लिफ्टचा चालू परवाना आणि तपासणी अहवाल मागा. इमारत १५ वर्षांहून जुनी असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांहून जुनी असेल तर दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, त्याचा अहवालही.

कागद मिळाले नाहीत, तर पहिला अर्ज सोसायटीच्या सचिवांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर पुढे काहीच हलत नाही. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार, कमिटीने पुढच्या सभेत निर्णय घेऊन १५ दिवसांत कळवायचं असतं. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर सभासद उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करू शकतो. तालुक्याच्या ठिकाणी तो सहाय्यक निबंधकांकडे जातो. सोबत शेअर सर्टिफिकेट आणि मेंटेनन्स बिलाच्या प्रती, पोच असलेलं पत्र, संबंधित सभेचं इतिवृत्त आणि तारीख दिसेल असे फोटो जोडा. अर्जात कंपनीविषयीचा राग मांडण्यापेक्षा कमिटीने कोणता कागद दिला नाही, हे लिहा. उपनिबंधकांचा अधिकार सोसायटीवर चालतो, खासगी कंपनीवर नाही.

विनापरवाना सुरक्षा एजन्सीची तक्रार पसाराच्या नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे (परवाना देणारा अधिकारी) किंवा पोलिसांकडे करा. या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद, २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. आगीच्या यंत्रणेबद्दलची तक्रार अग्निशमन विभागाकडे जाते. या दोन्ही ठिकाणी सभासद असण्याची अट नाही, त्यामुळे भाडेकरूही अर्ज करू शकतात.

सोसायटी अजून स्थापन झाली नसेल आणि कंपनी बिल्डरने नेमलेली असेल, तर रस्ता महारेराचा. रेरा कायद्याच्या कलम ११ नुसार देखभाल सदनिकाधारकांच्या संस्थेकडे जाईपर्यंत, वाजवी शुल्क घेऊन, अत्यावश्यक सेवा चालू ठेवणं बिल्डरचं काम आहे. तक्रार महारेराच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होते. तिला नोंदणीकृत करारनामा, ताबापत्र आणि देखभालीपोटी भरलेल्या पैशांच्या पावत्या जोडा.