मॅकडोनाल्ड्सचा भारतातला मालकीचा तिढा

फ्रँचायझी, म्हणजे आपले नाव आणि पद्धत वापरून धंदा करण्याचा परवाना, देणाऱ्या कंपनीला हॉटेल कोण चालवणार एवढेच ठरवून भागत नाही. पैसा कोणाचा आणि जागा कोणाच्या ताब्यात, हेही ठरवावे लागते. १९५५ मध्ये रे क्रॉक यांनी इलिनॉयमधल्या डेस प्लेन्सला मॅकडोनाल्ड्सचे रेस्टॉरंट सुरू केले. फ्रँचायझीधारकांकडून त्यांना विक्रीच्या १.९ टक्के मिळत, त्यातले ०.५ टक्के मूळ रेस्टॉरंट काढणाऱ्या मॅकडोनाल्ड बंधूंना जात. उरलेल्यात कंपनी चालणे कठीण होते. १९५६ मध्ये क्रॉक यांचे सहकारी हॅरी सोनेबोर्न यांनी वाट काढली: जागा कंपनीने घ्यायची आणि फ्रँचायझीधारकाला भाड्याने द्यायची. भाड्याचे उत्पन्न सुरू झालेच, शिवाय नियम मोडणाऱ्याला जागा सोडायला लावण्याची ताकदही हाती आली.

शाखांची साखळी स्थिरावली की कंपनी चांगल्या शाखा परत विकत घेईल, असा अंदाज १९६० च्या दशकाअखेर ऑक्झनफेल्ट आणि केली या अमेरिकी अभ्यासकांनी मांडला होता. मॅकडोनाल्ड्स नेमकी उलट दिशेने गेली. आज तिची सुमारे ९५ टक्के रेस्टॉरंट फ्रँचायझीधारकांकडे आहेत.

१९९६ मध्ये भारतात येताना कंपनीने देश दोन भागीदारांत वाटला. उत्तर आणि पूर्व विक्रम बक्षी यांच्याकडे, पश्चिम आणि दक्षिण मुंबईच्या अमित जटिया यांच्याकडे. दोन्हीकडे भागीदारी निम्मी-निम्मी. परक्या बाजारात जागा, पुरवठादार आणि परवाने सांभाळायला इथलाच माणूस हवा, हे समजण्यासारखे होते. पण समान वाट्यात मतभेद झाले की अंतिम शब्द कोणाचाच राहत नाही, आणि माझ्या मते दोष इथेच होता.

पश्चिमेत २०१० च्या सुमारास हा पेच सुटला. जटियांनी कंपनीचा हिस्सा घेतला. गुंतवणूक त्यांची आणि कंपनीला रॉयल्टी, असे ठरले. उत्तरेत मात्र २०१३ मध्ये बक्षींना व्यवस्थापकीय संचालकपदावरून दूर केल्यावर प्रकरण कायदेशीर लढाईत गेले. जून २०१७ मध्ये परवान्यांचे नूतनीकरण न झाल्याने दिल्लीतली ५५ पैकी ४३ रेस्टॉरंट बंद पडली. वरच्यांच्या भांडणाची झळ काउंटरवरच्या पोरापोरींना बसली, हे विसरता येत नाही. जुलैत कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने बक्षींना पदावर परत बसवले, तर ऑगस्टमध्ये कंपनीने त्या भागातल्या १६९ रेस्टॉरंटचा करारच रद्द केला. अखेर २०१९ मध्ये समझोता होऊन बक्षींचा हिस्सा कंपनीने घेतला आणि २०२० मध्ये संजीव अग्रवाल यांना त्या भागासाठी नवे भागीदार म्हणून आणले.