खांदा आखडलाय की कंडरा फाटलीय?

निपाणीची विडी वळणारी मावशी असो की वडगावचा यंत्रमागावरचा कारागीर, खांदा दुखायला लागला की गल्लीतले सगळे एकच नाव देतात: फ्रोझन शोल्डर. मग भिंतीवर बोटं चढवायची, दाराला कप्पी-दोरी बांधायची, कुणाकडून तरी तेल लावून हात ओढून घ्यायचा. बेळगाव भागात फिजिओथेरपी करताना हे इतक्यांदा पाहिलंय, की आता राहवत नाही.

फ्रोझन शोल्डर तुम्हाला माहीत आहे. सांध्याभोवतीची पिशवी सुजते, जाड होते, आक्रसते. बहुधा ४० ते ६० या वयात होतो, बायकांमध्ये आणि शुगरवाल्यांमध्ये जास्त. आधी ठणका, मग आखडणं, मग सावकाश सुटणं. यात एक ते तीन वर्षं जातात.

दुसरा आजार रोटेटर कफचा. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, यांनाच रोटेटर कफ म्हणतात. त्या वयाने झिजतात, किंवा पडल्यावर एखादी फाटते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही आणि हात वर जात नाही, हे दोन्हींत सारखंच. म्हणून 'हात किती वर जातो' एवढंच बघून नाव ठेवणं मला मुळीच पटत नाही. त्यात पाठीचं फावडं, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, उचलून रुग्ण नकळत स्वतःलाच फसवतो.

खरी खूण वेगळी आहे. खाली बसा, कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवा, मूठ समोर. आता कोपर न हलवता मूठ बाहेरच्या बाजूला न्या. मग हात ढिला सोडा आणि घरच्या माणसाला तेच अगदी हलक्या हाताने करू द्या. आखडलेल्या खांद्यात तुमची मूठ जिथे अडते, तिथेच त्याच्याही हातात अडते. दाराला आतून कडी घातल्यासारखी. कफच्या दुखण्यात तुम्हाला जमत नाही, पण त्याच्या हातात ती बरीच पुढे जाते. म्हणजे सांधा मोकळा आहे, ओढणारी दोरी कमजोर झाली आहे. सांध्याची झीज असली तरी मूठ अशीच अडते, पण ती एक्स-रेत दिसते. कंडरा मात्र एक्स-रेत दिसत नाही. त्याला सोनोग्राफी किंवा एमआरआयच लागतो. 'एक्स-रे नॉर्मल, म्हणजे काही नाही' हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

घरातही फरक कळतो. आखडलेल्या खांद्याच्या एक काकू आंबाडा घालताना मान खाली वाकवायच्या, ब्लाऊजचे हूक सुनेकडून लावून घ्यायच्या. पाठीमागे हात जातच नव्हता. कफ फाटलेल्या एका ऊसतोड मामांचा हात मी धरून डोक्यापर्यंत नेला, तेव्हा तो गेला. मी सोडल्याबरोबर धपकन खाली आला. त्यांनी चार महिने कप्पी ओढली होती.

ते चार महिने मला आजही खुपतात. ताजी फाटलेली कंडरा मागे सरकते, स्नायू वाळतो, मग शिवणं अवघड होतं. उलट, ठणक्याच्या दिवसांतला आखडलेला खांदा जोर लावून ओढला तर आणखी चिडतो. त्याला वेदनेच्या अलीकडचे, हळू व्यायाम हवेत. स्टेरॉइडचं इंजेक्शन ठरलंच, तर शुगरवाल्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं, कारण काही दिवस साखर वाढते.

मोटारसायकलवरून किंवा बांधावर पडल्यानंतर हात एकदम उचलेनासा झाला, तर कप्पी-दोरी बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.