आपल्या नेत्याचा गुन्हा आपल्याला लहान का दिसतो?

आपल्या पक्षाचा आमदार-खासदार कायद्याच्या कचाट्यात सापडला की पक्ष म्हणतो, 'हा राजकीय सूड आहे.' समोरच्या पक्षाचा सापडला की तोच पक्ष राजीनामा मागतो. हे आपण इतक्यांदा पाहिलं आहे की निव्वळ लबाडी म्हणून सोडून देतो. लबाडी त्यात असतेच. पण ज्याला या भांडणातून दमडीही मिळत नाही, असा त्या पक्षाचा साधा मतदारही अगदी मनापासून हेच बोलतो. त्याचं काय?

पिअरकार्लो वाल्डेसोलो आणि डेव्हिड डिस्टेनो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००७ साली याचं एक उत्तर प्रसिद्ध केलं. प्रयोगात दोन कामं होती. एक १० मिनिटांचं, सोपं. दुसरं ४५ मिनिटांचं, किचकट. एक स्वतः करायचं आणि दुसरं नंतर येणाऱ्या माणसाच्या वाट्याला जाणार. कोणतं कुणाला, हे स्वतः ठरवायचं किंवा संगणकाला निवाडा करू द्यायचा. बहुतेकांनी सोपं काम स्वतःकडे ठेवलं. ते कितपत न्याय्य होतं असं विचारल्यावर त्यांनी स्वतःला बरे गुण दिले. दुसऱ्या कुणाला हेच करताना पाहणाऱ्यांनी मात्र त्याला बरेच कमी गुण दिले.

पुढचा भाग आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. संशोधकांनी माणसांचे दोन गट पाडले आणि मनगटावर वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या बांधल्या. पडद्यावरचे ठिपके किती असतील याच्या अंदाजावरून गट केले आहेत, असं त्यांना सांगण्यात आलं. प्रत्यक्षात वाटणी कशीही केली होती. ना जात, ना धर्म, ना विचारसरणी. तरीही आपल्या रंगाची पट्टी बांधलेल्याने सोपं काम लाटलं, तेव्हा त्याला स्वतःइतकीच सूट मिळाली. दुसऱ्या रंगाच्या माणसाला ती मिळाली नाही. काही मिनिटांपूर्वी बांधलेली पट्टी एवढं करत असेल, तर घरात दोन-तीन पिढ्या चालत आलेला झेंडा काय करत असेल?

याच दोघांचा २००८चा प्रयोग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. वाटणी कितपत न्याय्य होती याचे गुण देत असतानाच सहभागींना आकड्यांची एक माळ लक्षात ठेवायला लावली. म्हणजे डोकं दुसरीकडे गुंतलं. तेव्हा चमत्कार झाला: दुटप्पीपणा नाहीसा झाला. माणसं स्वतःलाही इतरांइतक्याच कडकपणे तोलू लागली. याचा अर्थ, सबब तयार करायला मेंदूला श्रम पडतात. चूक ती चूक, ही जाणीव आधी आणि आपोआप होते. 'पण आपल्या बाबतीत परिस्थिती वेगळी होती' हे मागाहून, विचार करकरून जुळवलं जातं. त्यामुळे शिकलासवरलेला, वादात पटाईत माणूस अधिक निःपक्षपाती असेल, असं मुळीच धरून चालू नये.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ड्र्यू वेस्टन यांनी २००४च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या काळात दोन्ही पक्षांच्या ३० कट्टर समर्थकांच्या मेंदूचं चित्रण केलं. आपल्याच उमेदवाराची परस्परविरोधी विधानं समोर आल्यावर त्यांच्या मेंदूतले भावनेशी निगडित भाग सक्रिय झाले; थंड डोक्याने तर्क करताना जो भाग काम करतो, तिथे तशी वाढ दिसली नाही. एवढ्याशा नमुन्यावरून फार मोठं विधान करता येत नाही, पण पट्ट्यांच्या प्रयोगाशी ते जुळतं.

आपल्याकडे ही सूट थेट कायद्यात लिहिलेली होती. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम ८(३) नुसार दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झालेला माणूस शिक्षेच्या काळात आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं अपात्र ठरतो. पण ८(४)ने विद्यमान आमदार-खासदारांना वेगळं काढलं होतं. त्यांना तीन महिने मिळत, आणि त्या मुदतीत अपील केलं तर त्याचा निकाल लागेपर्यंत पद शाबूत राही. गुन्हा तोच, शिक्षा तीच. बाहेरच्याला दार बंद आणि आत बसलेल्याला खुर्ची कायम! सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस खटल्यात हे उपकलम रद्द केलं. ते वाचवण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबरमध्ये वटहुकूम मंजूर केला आणि टीका झाल्यावर २ ऑक्टोबरला मागे घेतला. त्याच महिन्यात रशीद मसूद, लालूप्रसाद यादव आणि जगदीश शर्मा यांची खासदारकी गेली. काँग्रेस, राजद आणि जदयू, असे तीन वेगळे पक्ष. कुणाची पट्टी कोणत्या रंगाची, हे नियमाने पाहिलं नाही.

जिथे कारण देण्याची मुभा उरते, तिथे सबबी परत येतात. लोकसभेत स्वतःवर फौजदारी खटले असल्याचं प्रतिज्ञापत्रात सांगणारे २००९ साली १६२ जण निवडून आले होते, २०२४ साली २५१. हे उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं तपासणाऱ्या 'एडीआर' (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) या संस्थेचे आकडे. खटला म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे, आणि आंदोलनांतले गुन्हेही यात असतात, हे खरंच. म्हणूनच न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये पक्षांना सांगितलं की अशा उमेदवाराला का निवडलं ते जाहीर करा, आणि 'निवडून येण्याची क्षमता' हे कारण चालणार नाही. पक्षांनी दिलेली कारणं वाचा: लोकप्रिय आहेत, समाजकार्य करतात, खटले राजकीय हेतूने घातले आहेत. आदेश न पाळल्याबद्दल ऑगस्ट २०२१ मध्ये आठ पक्षांना दंड झाला. त्यांत भाजप आणि काँग्रेस होते, डावे होते आणि राष्ट्रवादीही होती.

अपात्रतेच्या नियमातही एक फट शिल्लक आहे. लक्षद्वीपचे खासदार मोहम्मद फैजल यांना जानेवारी २०२३ मध्ये शिक्षा झाली आणि दोन दिवसांत त्यांची खासदारकी गेली. उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात दोषसिद्धीला स्थगिती दिली. खासदारकी परत मिळाली ती २९ मार्चला, सर्वोच्च न्यायालयात सुनावणी व्हायची होती त्या दिवशी. काढायला दोन दिवस आणि परत द्यायला दोन महिने, कारण परत देण्याची मुदत कायद्यात लिहिलेलीच नाही. ती लिहायला हवी, तासांत मोजता येईल इतकी नेमकी, आणि दोन्ही बाजूंना एकच.